कॅडमधील तिरपे एक्स्ट्रूजन : नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिरपे एक्स्ट्रूजन म्हणजे नेमके काय?

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरील आरेखनात, सपाट आकृती एका दिशेने ओढून घन तयार करणे म्हणजे एक्स्ट्रूजन. पण तिरपे एक्स्ट्रूजन हा एकच शब्दप्रयोग लोक किमान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे स्केच, म्हणजे सपाट आकृती, ज्या प्लेनवर (पातळीवर) काढले आहे ते प्लेनच कललेले असते आणि एक्स्ट्रूजन त्या प्लेनला लंब जाते. दुसऱ्या प्रकारात स्केच आडव्या प्लेनवरच राहते, परंतु एक्स्ट्रूजनची दिशा तिरपी असते. तिसऱ्या प्रकारात दिशा सरळ असते, पण भिंती आत किंवा बाहेर कलतात, जसा पाणी पिण्याचा पेला तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद असतो. चौथ्या प्रकारात भाग सरळच बाहेर काढलेला असतो, फक्त त्याचे टोक तिरपे कापलेले असते.

या चारही आकारांसाठी वापरायची साधने निराळी आहेत. म्हणून माऊस हातात घेण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या वस्तूत तिरपे काय आहे? प्लेन, दिशा, भिंत की टोक? याचे उत्तर कागदावर साध्या पेन्सिलीने काढून मिळाले, तर पुढचे काम बहुधा दोन-तीन क्लिकचे उरते. उत्तर ठरण्यापूर्वीच मेनू धुंडाळू लागल्यास मात्र अर्धा दिवस सहज जातो.

मी कोणते सॉफ्टवेअर वापरतो आहे असे येथे गृहीत धरले आहे?

मुख्य उदाहरणे फ्रीकॅडमधील आहेत. ते मुक्त आणि मोफत आहे, घरच्या किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर परवान्याची चिंता न करता चालवता येते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आल्यापासून नवशिक्यांना त्याची शिफारस करताना मला संकोच वाटत नाही. सॉलिडवर्क्स, फ्यूजन, ऑटोकॅड आणि स्केचअप वापरणाऱ्यांसाठी पुढे स्वतंत्र उत्तर दिले आहे.

मी एक्स्ट्रूड करतो तेव्हा आकार नेहमी सरळच का जातो?

एक्स्ट्रूड करणे म्हणजे एका सपाट आकृतीला एका दिशेने सरकवत नेऊन तिच्या मागावर घन तयार करणे होय. ही दिशा आपण वेगळी सांगितली नाही, तर सॉफ्टवेअर स्केचच्या प्लेनला लंब असलेली दिशा घेते. शाळेच्या भूमितीत शिकलेली इष्टिकाचिती किंवा लंबवृत्तचिती ही याचीच उदाहरणे आहेत: आयताला लंब दिशेने नेले की इष्टिकाचिती मिळते आणि वर्तुळाला नेले की वृत्तचिती मिळते.

यावरून हेही कळते की आकार तिरपा जावा असे वाटत असेल तर बदलण्याजोग्या गोष्टी दोनच आहेत. एक तर प्लेन कलवावे, किंवा लंब दिशा सोडून दुसरी दिशा द्यावी. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी ग्राफिक्सच्या तासाला ज्यांनी कललेल्या अक्षाचे घन आणि तिरप्या अक्षाचे घन वेगवेगळे रेखाटले आहेत, त्यांना हा भेद चटकन ओळखीचा वाटेल.

मला मोबाइल ठेवण्याचा स्टँड करायचा आहे. त्याची पाठ ७० अंशांत कललेली हवी. कोणती पद्धत वापरू?

बहुधा वरच्या चारांपैकी एकही नाही. स्टँडकडे बाजूने पाहावे. बाजूने दिसणारी आकृती म्हणजे एक आडवी पट्टी, तिला ७० अंशांत जोडलेली दुसरी पट्टी आणि फोन घसरू नये म्हणून पुढे छोटासा ओठ, इतकीच असते. ही संपूर्ण आकृती एक्स-झेड प्लेनवर एकाच स्केचमध्ये काढावी, दोन रेषांमधील कोनाला ७० अंशांचे माप द्यावे, पट्ट्यांची जाडी ५ मिलिमीटर ठेवावी आणि सगळी आकृती ७० मिलिमीटर सरळ पॅड करावी (फ्रीकॅडमध्ये एक्स्ट्रूड करण्याच्या आज्ञेला पॅड म्हणतात). तिरपे एक्स्ट्रूजन न करताच तिरपी वस्तू तयार होते.

हा मार्ग मी सर्वांत आधी सांगतो, कारण नवशिके वस्तूकडे नेहमी वरूनच पाहतात, आधी तळाचा आयत काढतात आणि मग त्यावर तिरपे काही उभे कसे करायचे या विवंचनेत पडतात. जो कोन बाजूच्या दृश्यात खऱ्या मापाने दिसतो, तो स्केचमध्येच द्यावा. तो नंतर बदलायचा झाला तर एकच आकडा बदलावा लागतो. पाचर, उतार, जिन्याची बाजू, कौलारू छपराचा त्रिकोण, शेल्फचा कंस, हे सगळे अशाच रीतीने होतात. कोन दोन दिशांनी असेल, किंवा तिरप्या भागाचा छेद गोल असेल, तेव्हाच पुढील पद्धतींकडे वळावे.

फ्रीकॅडमध्ये कललेले प्लेन कसे तयार करायचे?

पार्ट डिझाइन या वर्कबेंचमध्ये, म्हणजे साधनांच्या गटात, बॉडी (एका भागाच्या सगळ्या पायऱ्या ठेवण्याची जागा) तयार केल्यावर तिच्या ओरिजिनमध्ये तीन मूळ प्लेन मिळतात. त्यांपैकी एक्स-वाय प्लेन निवडून डेटम प्लेन, म्हणजे संदर्भासाठीचे नवे प्लेन, तयार करण्याची आज्ञा द्यावी. उघडणाऱ्या चौकटीत खाली अटॅचमेंट ऑफसेटचा, म्हणजे प्लेन किती सरकवायचे आणि फिरवायचे हे लिहिण्याचा भाग असतो. तेथे वाय अक्षाभोवती ३० अंश लिहिले की नवे प्लेन मूळ प्लेनपासून ३० अंशांनी कलते. आता या डेटम प्लेनवर स्केच काढून पॅड केले की घन एक्स अक्षाच्या धन दिशेकडे झुकलेला तयार होतो. तो उलट बाजूला झुकला पाहिजे असेल, तर कोन उणे ३० असा द्यावा. एक्स अक्षाभोवती फिरवताना मात्र धन कोन दिला असता घन वाय अक्षाच्या ऋण बाजूकडे कलतो. हे पहिल्यांदा पाहताना चुकल्यासारखे वाटते, परंतु उजव्या हाताचा अंगठा अक्षाच्या दिशेने धरून बोटे वळवून पाहिली की उलगडते.

वेगळे डेटम प्लेन न करता स्केचच्याच अटॅचमेंट ऑफसेटमध्ये कोन देता येतो. एकच स्केच असेल तर ते पुरेसे आहे. त्याच कोनावर दोन किंवा अधिक स्केचेस बसवायची असतील, म्हणजे एक नळी आणि तिच्या आतले भोक असे काही असेल, तर डेटम प्लेन करावे, म्हणजे कोन एकाच ठिकाणी राहतो.

कललेल्या प्लेनवरून पॅड केले, पण तळाशी एका बाजूला फट राहते. ती कशी बुजवायची?

ही फट अपरिहार्य आहे आणि ती कुठून येते हे समजून घेणे उपयोगाचे आहे. समजा २० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ ३० अंशांनी कललेल्या प्लेनवर काढले आणि त्याचा केंद्रबिंदू आडव्या तळाच्या पृष्ठभागावर आहे. वर्तुळाची एक कड तळाच्या वर उचललेली असते आणि दुसरी तळात बुडालेली असते. उचललेल्या कडेची उंची १० गुणिले साइन ३०, म्हणजे ५ मिलिमीटर भरते. पॅड तेथून वर निघाल्यामुळे तिच्याखाली पाचरीच्या आकाराची पोकळी उरते.

उपाय असा की पॅड दोन्ही दिशांना करावे. पॅडच्या प्रकारांत दोन मापे देण्याचा पर्याय असतो, त्यात मागच्या दिशेला किमान १० गुणिले टॅन ३०, म्हणजे सुमारे ५.७७ मिलिमीटर द्यावे. सोयीसाठी ७ किंवा ८ दिले तरी चालते, मात्र तळाची पाटी तेवढी जाड हवी. अन्यथा बुडालेली बाजू खालून बाहेर डोकावते आणि तिला पॉकेटने, म्हणजे घनातून आकार कापून काढणाऱ्या आज्ञेने, छाटावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे डेटम प्लेन तळापासून दूर, वरच्या टोकाला ठेवावे आणि पॅड खालच्या दिशेने विशिष्ट पृष्ठभागापर्यंत जाईल असा पर्याय निवडावा. त्यात सॉफ्टवेअर टोक स्वतःच पृष्ठभागावर जुळवून कापते. मला हा दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण कोन बदलला तरी फट पुन्हा उघडत नाही.

स्केच आडवेच ठेवून फक्त दिशा तिरपी कशी द्यायची?

फ्रीकॅडच्या पॅडच्या चौकटीत दिशेचा पर्याय असतो. सुरुवातीला तेथे स्केचला लंब दिशा निवडलेली असते. त्याऐवजी एखादी कड किंवा रेषा संदर्भ म्हणून निवडता येते किंवा स्वतः दिशा लिहिता येते. स्वतः लिहायची असेल तर एक्स, वाय आणि झेड असे तीन आकडे द्यावे लागतात. झेड अक्षापासून एक्स अक्षाकडे ३० अंश कललेली दिशा म्हणजे एक्स ०.५, वाय ० आणि झेड ०.८६६. हे आकडे साइन ३० आणि कोसाइन ३० यांचेच आहेत, त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही कोनासाठी कॅल्क्युलेटरवर लगेच मिळतात.

आकड्यांपेक्षा रेषा निवडणे मला जास्त भरवशाचे वाटते. एक्स-झेड प्लेनवर दुसरे स्केच करून त्यात एकच तिरपी रेषा काढावी, तिला कोनाचे माप द्यावे आणि पॅडच्या दिशेसाठी तीच निवडावी. कोन मग मॉडेलमध्ये डोळ्यांना दिसतो आणि सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्यालाही कळतो. निवडलेली दिशा स्केचच्या प्लेनला समांतर असेल तर मात्र घन तयारच होऊ शकत नाही, कारण आकृती स्वतःच्याच पातळीत सरकत राहते.

प्लेन कलवणे आणि दिशा कलवणे यांत फरक काय? दोन्हींचे चित्र तर सारखेच दिसते.

सगळ्या पानात या एका प्रश्नावर थोडे अधिक थांबावे अशी माझी विनंती आहे. पडद्यावर सारखे दिसणारे हे दोन घन कार्यशाळेत अगदी वेगळे ठरतात.

कललेल्या प्लेनवरचे २० मिलिमीटरचे वर्तुळ त्या प्लेनला लंब नेले की खरी गोल नळी मिळते. तिच्या अक्षाला आडवा छेद घेतला तर तो २० मिलिमीटरचेच वर्तुळ असतो. ती आडव्या पाटीला जेथे भिडते तेथील तोंड मात्र लंबवर्तुळ असते, ३० अंशांना त्याची लांब बाजू २० भागिले कोसाइन ३०, म्हणजे २३.०९ मिलिमीटर होते.

आडव्या प्लेनवरचे तेच वर्तुळ तिरप्या दिशेने नेले की याच्या उलट घडते. पाटीवरचे तोंड नेमके २० मिलिमीटर गोल राहते, परंतु नळीच्या अक्षाला आडवा छेद दबलेला असतो आणि त्याची अरुंद बाजू २० गुणिले कोसाइन ३०, म्हणजे १७.३२ मिलिमीटर भरते. सुरुवातीच्या काळात मी पाइप बसवण्यासाठी असेच एक तिरपे सॉकेट तयार केले होते. पडद्यावर वरून मोजले की व्यास बरोबर येत असे, प्रिंट करून हातात घेतल्यावर पाइप आत शिरेना. दोष प्रिंटरचा असावा असे समजून मी व्यास थोडा थोडा वाढवत गेलो आणि तीन तुकडे वाया गेल्यावर छेद घेऊन पाहण्याचे सुचले.

म्हणून पाइप, बोल्ट, शाफ्ट, ड्रिल असे गोल काही त्यात जायचे असेल तर प्लेन कलवावे. तोंडाचा आकार ठरलेला असेल, म्हणजे खालचा आणि वरचा आयत दोन्ही आडवेच असून एकमेकांपासून बाजूला सरकलेले असतील, जसे हवेच्या डक्टच्या तिरप्या तुकड्यात असते, तर दिशा कलवावी.

तिरप्या पॅडची लांबी कोणती? दिलेल्या आकड्याएवढी उंची येत नाही.

लांबी तिरप्या अक्षावर मोजली जाते की लंब दिशेने, यावर ते अवलंबून आहे. फ्रीकॅडमध्ये स्केचच्या लंब दिशेने लांबी मोजण्यासाठी चौकटीत एक खूण करण्याची सोय आहे. खूण असेल तर १०० लिहिल्यावर उभी उंची १०० येते आणि ३० अंश कललेल्या अक्षावरची लांबी ११५.४७ होते. खूण काढून टाकली तर अक्षावरची लांबी १०० राहून उंची ८६.६ होते. १०० मिलिमीटर उंचीवर वरचे टोक बाजूला ५७.७४ मिलिमीटर सरकते, तेव्हा ते पाटीबाहेर तर जात नाही ना, हेही पाहून घ्यावे. अशा तिरप्या घनाचे घनफळ तळाचे क्षेत्रफळ गुणिले उभी उंची एवढेच असते. तो कितीही कलला तरी उंची तीच असेल तोवर साहित्य तेवढेच लागते.

कोनाबाबतही असाच एक सापळा आहे. ड्रॉइंगवर लिहिलेले ३० अंश आडव्या रेषेपासून आहेत की उभ्या रेषेपासून, हे न पाहता आकडा भरला की ३० च्या जागी ६० अंशांचा भाग तयार होतो. ४५ अंशांना ही चूक लपून जाते आणि दुसऱ्या कामात उघड होते.

भिंती आत किंवा बाहेर कलवायच्या असतील तर?

याला टेपर किंवा ड्राफ्ट म्हणतात आणि पॅडच्याच चौकटीत टेपरचा कोन लिहिण्याची जागा असते. ५० मिलिमीटर बाजूचा चौरस ४० मिलिमीटर उंच नेताना प्रत्येक भिंत ५ अंश आत कलवली, तर प्रत्येक बाजूने ४० गुणिले टॅन ५, म्हणजे ३.५ मिलिमीटर कमी होतात आणि वरचा चौरस ४३ मिलिमीटरचा उरतो. वर्तुळाला टेपर दिला की शंकुछेद मिळतो.

कोनाचे चिन्ह सॉफ्टवेअरनुसार बदलते. फ्रीकॅडमध्ये धन कोनाने बाहेरची कड रुंद होत जाते, तर ऑटोकॅडमध्ये धन कोनाने आकार आत निमुळता होतो. स्केचच्या आत भोके असतील तर फ्रीकॅड त्यांना उलट कोन देते, कारण साच्यातून निघणाऱ्या वस्तूला तसेच हवे असते.

साच्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: टेपर केवळ शोभेसाठी नसतो. प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगमध्ये भिंतींना साधारण १ ते २ अंशांचा ड्राफ्ट देतात, नाहीतर थंड होऊन आकसलेली वस्तू साच्याला घट्ट धरून बसते आणि बाहेर ढकलताना तिच्यावर ओरखडे पडतात. पृष्ठभाग खरखरीत असेल तर कोन आणखी वाढवतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यातून पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, उचलतानाही हेच तत्त्व असते. पॅटर्नच्या उभ्या बाजूंना टेपर नसेल तर उचलताना वाळूच्या कडा ढासळतात. ज्यांना पुढे मोल्ड किंवा कास्टिंगच्या क्षेत्रात जायचे आहे त्यांनी हा भाग मनापासून शिकावा.

तयार मॉडेलला ड्राफ्ट द्यायचा असेल, तर पार्ट डिझाइनमध्ये ड्राफ्टचे वेगळे साधन आहे. त्यात भिंती निवडून न बदलणारे प्लेन सांगायचे असते. ज्या पातळीवर माप पक्के राहिले पाहिजे ती पातळी तेथे द्यावी.

टेपर दिल्यावर पॅड अयशस्वी होते. असे का?

बहुतेक वेळा समोरासमोरच्या भिंती वर पोहोचण्याआधीच एकमेकींना भिडतात. २० मिलिमीटर रुंद पट्टी १० अंश आत कलवत ६० मिलिमीटर उंच न्यायची म्हटली, तर दोन्ही भिंती सुमारे ५६.७ मिलिमीटरवरच मिळतात आणि त्यापुढे आकार उरत नाही. अर्धी रुंदी भागिले टॅन कोन हे गणित आधी करून पाहावे. गुंतागुंतीच्या वक्रांमध्येही ही अडचण येते. तेव्हा खालचे आणि वरचे अशी दोन स्केचेस काढून त्यांना लॉफ्टने, म्हणजे दोन आकृत्यांमध्ये घन तयार करणाऱ्या आज्ञेने, जोडणे अधिक सोपे जाते.

सॉलिडवर्क्स, फ्यूजन, ऑटोकॅड आणि स्केचअपमध्ये हेच कसे करायचे?

सॉलिडवर्क्समध्ये एक्स्ट्रूडेड बॉस देताना दिशेसाठी वेगळा रकाना असतो. त्यात स्केचच्या प्लेनबाहेर जाणारी रेषा निवडली की दिशा तिरपी होते आणि शेजारी ड्राफ्टचे बटण असते. कललेले प्लेन रेफरन्स जिओमेट्रीमधून कोन देऊन मिळते.

फ्यूजनमध्ये कन्स्ट्रक्ट मेनूत एखाद्या कडेभोवती कोनात प्लेन तयार करता येते आणि एक्स्ट्रूडमध्ये टेपरचा कोन देता येतो. आकृती आडवी ठेवून तिरपे न्यायचे असेल तर तिरपी रेषा काढून, आकृतीला त्या रेषेवरून नेणारे स्वीप वापरावे आणि त्यात ओरिएंटेशन समांतर ठेवावे.

ऑटोकॅडच्या एक्स्ट्रूड आज्ञेत उंची विचारली जाते तेव्हाच दिशा, मार्ग आणि टेपर हे तीनही पर्याय कमांड लाइनवर दिसतात. दिशेसाठी दोन बिंदू दाखवावे लागतात.

स्केचअपचे पुश-पुल मात्र नेहमी पृष्ठभागाला लंबच जाते. त्यात आधी सरळ ओढून घ्यावे आणि मग वरचा पृष्ठभाग निवडून मूव्हने बाजूला सरकवावा, म्हणजे सबंध घन तिरपा होतो. छपरासाठी वरच्या पृष्ठभागावर मधोमध रेषा काढून तीच झेड दिशेने उचलली की दोन्ही बाजूंना उतार मिळतात.

कोन बदलला की पुढची सगळी स्केचेस भलतीकडे जातात. हे कसे टाळावे?

स्केच एखाद्या तयार पृष्ठभागावर बसवले असेल, तर सॉफ्टवेअर त्या पृष्ठभागाला अंतर्गत क्रमांकाने ओळखते. आधीची पायरी बदलली की क्रमांक बदलू शकतात आणि स्केच दुसऱ्याच पृष्ठभागाला जाऊन चिकटते. फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत या दोषावर मोठे काम झाले आहे, तरीही स्केचेस शक्यतो मूळ प्लेनवर किंवा त्यांवरून केलेल्या डेटम प्लेनवर बसवण्याची सवय सोडू नये. कोन एखाद्या स्प्रेडशीटमध्ये नाव देऊन ठेवला आणि सगळीकडे तेच नाव वापरले, तर बदल एकाच जागी करावा लागतो.

तिरप्या पृष्ठभागावर भोक पाडायचे आहे. काही काळजी घ्यावी का?

भोक त्या पृष्ठभागाला लंब हवे असेल तर तोच पृष्ठभाग निवडून त्यावर स्केच काढावे आणि पॉकेट करावे. भोक उभेच हवे असेल, तर स्केच आडव्या प्लेनवर काढून तेथून पॉकेट करावे, पृष्ठभागाचा उतार विचारात घेण्याची गरज नाही. मात्र तो भाग ड्रिलने तयार होणार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. उतारावर ड्रिलचे टोक टेकताच घसरते, म्हणून कारागीर आधी एंडमिलने (सपाट टोकाच्या कापणाऱ्या हत्याराने) तेथे छोटी सपाट बैठक करून घेतो. ती बैठक डिझाइनमध्येच दिली तर त्याचे काम सोपे होते आणि बोल्टचे डोकेही नीट टेकते.

फक्त टोक तिरपे कापायचे असेल तर?

भाग सरळ पॅड करून बाजूच्या प्लेनवर तिरपी रेषा असलेला त्रिकोण काढावा आणि आरपार पॉकेट करावे. फोटोफ्रेमच्या किंवा खिडकीच्या चौकटीच्या ४५ अंशांच्या कोपऱ्यांसाठी एवढे पुरते.

थ्रीडी प्रिंट करताना तिरपे भाग खाली लोंबतात. मॉडेलमध्ये काय बदलावे?

प्रिंटर एका थरावर दुसरा थर ठेवत जातो, त्यामुळे उभ्या रेषेपासून सुमारे ४५ अंशांपर्यंत कललेली भिंत बहुतेक यंत्रांवर आधाराशिवाय उभी राहते. त्यापलीकडे खालच्या थराचा टेकू अपुरा पडतो आणि आधाराची रचना छापावी लागते. कोन बदलणे शक्य नसेल तर वस्तूच आडवी करून छापता येते का ते पाहावे. वर सांगितलेला मोबाइल स्टँड त्याच्या बाजूवर आडवा ठेवून छापला, तर पाठ कितीही कललेली असली तरी एकही आधार लागत नाही, कारण प्रत्येक थर म्हणजे आपण पहिल्या स्केचमध्ये काढलेली तीच आकृती असते.